संकेश्वरची फियाट घ्यावी का?

स. न. वि. वि.

आम्ही वडगावात राहतो. घरचे चार यंत्रमाग होते, दोन विकले, त्यामुळं शेड निम्मी रिकामी आहे. माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, शहापुरातल्या एका डॉक्टरांच्या फियाटवर बावीस वर्षं ड्रायव्हर होते. आता ७३ वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून घरात फारसं बोलत नाहीत, पण रस्त्यात जुनी फियाट दिसली की उभे राहतात. मुलगी नववीत आहे, मुलगा सहावीत. सगळ्यांनी मिळून एखादी स्वस्तातली व्हिंटेज गाडी घ्यावी आणि घरीच तयार करावी असं फार मनात आहे. संकेश्वरजवळ गोठ्याच्या भिंतीला लागून १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे फियाटच, उभी आहे. सहा वर्षं हललेली नाही, इंजिन जाम आहे, नंबर कोल्हापूर आरटीओचा. मालक वारले, त्यांचा मुलगा ५५ हजार मागतोय. दुसरी निपाणीत, चालती अँबेसिडर, १९९४ ची, १ लाख ३० हजारांना. पुण्याचा भाऊ आणि मी मिळून अडीच लाखांपर्यंत जाऊ शकतो, त्यावर एक रुपया नाही. पत्नी म्हणते, ‘आणा खुशाल, पण ती शेडमधनं बाहेर कधी निघणार ते आधी सांगा.’ काय करावं?

– एक वाचक, वडगाव, बेळगाव

नमस्कार.

संकेश्वरची फियाट घेऊ नका. निपाणीची अँबेसिडरही आत्ता नको. तुम्ही फियाटच घ्या, पण चालती घ्या, आणि तशी मिळेपर्यंत दोन-चार महिने थांबा.

चालती म्हणजे काय ते आधी सांगतो. किल्ली फिरवल्यावर स्वतःच्या इंजिनावर सुरू होते, चारही गिअर पडतात, खालचा पत्रा शाबूत आहे आणि कागद जिवंत आहेत. बाकी रंग उडालेला असू दे, सीटमधनं काथ्या बाहेर आलेला असू दे, मागची काच हातानं ओढून वर करावी लागू दे. तसली थोडी मोडकळलेली गाडीच तुम्हाला हवी आहे, नाहीतर मुलांच्या हाताला काम काय उरणार?

तुमच्या पत्नींचा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी टाकलात, मी मात्र तिथूनच सुरुवात करतो. शेडमधनं बाहेर कधी निघणार? घरगुती गाड्यांची बहुतेक कामं याच प्रश्नावर अडून बसतात. पैसा संपून बंद पडलेली कामं मी थोडी पाहिली. गाडी पूर्ण सुटी करून ठेवली आणि मग कुणाचंच मन लागेना, अशी कामं खूप पाहिली. त्यातलं एक माझ्याच हातचं आहे.

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, मी तीस वर्षं लेथवर काम केलं. नव्वदच्या दशकात मी एक स्टँडर्ड हेराल्ड घेतली. त्या गाडीचं बोनेट मडगार्डांसकट पुढं उलटतं, इंजिन आणि पुढची सगळी जोडणी समोर मोकळी होते. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, वेगळी आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली. हाताला पाना असलेल्या माणसाला ती उघडायचा मोह आवरत नाही. मे महिन्यात तीन आठवड्यांत मी तिचा शेवटचा बोल्ट काढला. मग पाऊस लागला. दारं आणि बोनेट एका पेंटरकडं दिलेलं, त्यानं दुकान हलवलं आणि दोन दारं परत आलीच नाहीत. माझे वडील दर रविवारी विचारायचे, ‘गाडी कुठवर आली?’ मी सांगायचो, ब्लॉक बोअर करून आलाय, आता हेडचं काम. एका दिवाळीनंतर त्यांनी विचारायचं सोडलं. ते सोडलंय हे माझ्या लक्षात यायलाही कितीतरी महिने गेले. पुढं ती हेराल्ड सुट्या भागांत विकली गेली. वडील तिच्यात एकदाही बसले नाहीत.

म्हणून ७३ हा आकडा वाचल्यावर मी तुमच्या बजेटकडं नंतर वळलो. तात्यांना येत्या काही महिन्यांत स्टिअरिंगमागं बसता आलं पाहिजे. सहा वर्षं गोठ्याशेजारी उभी राहिलेली गाडी तुम्हाला ते देणार नाही.

जाम इंजिनाची मला फार भीती वाटत नाही. प्लग काढून चारही सिलिंडरांत डिझेल आणि ऑइल एकत्र करून ओतायचं, आठ-दहा दिवस मुरू द्यायचं, मग टॉप गिअर टाकून मागचं चाक उचलून हातानं पुढं-मागं हलवत बघायचं. कितीतरी इंजिनं अशीच सुटतात. स्टार्टर मारायचा नाही, ओढून नेऊन तर मुळीच नाही, नाहीतर अडकलेली रिंग पिस्टनसकट मोडते. नाही सुटलं तरी बोअर, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट ही कामं करणारे हात बेळगावात आहेत आणि कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आहेत. फाउंड्री आणि लेथवरच तर ही दोन्ही शहरं उभी राहिली.

खरी भीती पत्र्याची. फियाटला वेगळी चासी नसते. खालची फ्लोअर, दारांच्या खालच्या पोकळ पट्ट्या आणि बॉडी मिळून एकच सांगाडा, आणि सगळा भार त्याच्यावर. हेराल्डची बॉडी सडली तरी चासी उरते, फियाटची फ्लोअर सडली तर गाडीच उरत नाही. त्यात ही गाडी गोठ्याला लागून. जमिनीची ओल, शेणामुताची वाफ आणि आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस, या तिन्हींनी पत्रा खालून खाल्लेला असतो. वरून रंग मारला की दिसत नाही. टिंकर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा, अशा कामाचा आकडा आधी सांगूच शकत नाही. त्यात त्याची लबाडी नसते, पत्रा कापल्याशिवाय आत किती सडलंय ते त्यालाही कळत नाही. अडीच लाखांवर एक रुपया नसलेल्या घराला असं न सांगता येणारं काम परवडत नाही.

आता कागद. सीमाभागात आपण इथंच सगळ्यात जास्त फसतो. कागल, गडहिंग्लज, चंदगड, खाली गोवा, सगळीकडं आपले पाहुणे. गाडी पलीकडं स्वस्त मिळते, आणतो, आणि पलीकडच्या नंबरवरच वर्षानुवर्षं फिरवतो. कायद्यानं दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला त्या राज्याचा नंबर घ्यावा लागतो. संकेश्वर कर्नाटकात असलं तरी तिथल्या गाडीचा नंबर महाराष्ट्राचा, म्हणजे तिचा रस्ता असा: मालक वारलेत, तेव्हा आधी फॉर्म ३१ भरून कोल्हापुरात ती वारसाच्या नावावर करायची. इतर वारस असतील तर त्यांचीही संमती लागणार. मग फॉर्म २८ वर ना हरकत दाखला. मग बेळगावला नवा नंबर, तुमच्या नावावर हस्तांतरण आणि कर्नाटकाचा रस्ता कर. गाडीच्या वयाप्रमाणं तो कमी होतो, पण भरावा लागतो.

शिवाय नूतनीकरण आहेच. १९८६ च्या गाडीची पहिली पंधरा वर्षं २००१ ला संपली, त्यानंतर दर पाच वर्षांनी आरसी, म्हणजे नोंदणीचं बुक, नवी करावी लागते. वेळच्या वेळी केली असेल तर २०१६ पर्यंतचं झालं असेल. २०२१ ला, गाडी उभी असताना, कुणी केलं असेल असं वाटत नाही. २०२२ पासून खासगी मोटारीच्या नूतनीकरणाला उशिराच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये जादा लागतात, आणि २० वर्षांवरच्या मोटारीचं मूळ शुल्क २०२५ मध्ये १०,००० रुपये झालं. महिने मोजा. शिवाय तपासणीला गाडी समोर आणून दाखवावी लागते, जाम गाडी कुठून दाखवणार? म्हातारी झालेली आरसी बुकं संगणकावर चढलेलीच नसतात हा आणखी एक फेरा. मोबाइलवर नंबर टाकून काही दिसलं नाही, तर ज्या कार्यालयात मूळ नोंद आहे तिथंच जुन्या रजिस्टरवरून ती चढवून घ्यावी लागते.

म्हणून गाडी शोधताना केए-२२ बेळगाव, केए-२३ चिक्कोडी, केए-२४ बैलहोंगल, केए-४९ गोकाक, फार तर केए-२५ धारवाड असले नंबर आधी बघा. १९८९ च्या आधीची असेल तर जुन्या पद्धतीचा नंबर असेल, तोही चालेल, पण नोंद कर्नाटकातल्या कार्यालयातली असू दे. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः बोट ठेवून ताडून बघा. पद्मिनीत मागाहून डिझेल इंजिन बसवलेल्या गाड्या खूप आहेत. आरसीवर पेट्रोल आणि बोनेटखाली डिझेल असेल तर विषय तिथंच मिटवा.

हे कागदांचं काम मुलीकडं द्या. मराठी शाळेत असली तरी कन्नड ती शिकलेलीच असणार, आणि आरटीओतल्या खिडकीवरचे फलक आणि अर्ज ती तुमच्या-माझ्यापेक्षा चटकन वाचेल. मी हे मनापासून सांगतोय. पंधरा वर्षांच्या मुलीला घरच्या एका व्यवहाराचे कागद सांभाळायला मिळाले तर ती गाडी तिची होते. एक वही, एक फाइल, प्रत्येक पावती तारखेनं. पुढं प्रत्येक सुटा भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो आणि प्रत्येक बोल्ट नाव लिहिलेल्या पिशवीत, हेही तिच्याकडंच. माझ्या हेराल्डच्या वेळी अशी वही कुणी ठेवली असती तर त्या दोन दारांची पावती तरी हातात असती.

‘व्हिंटेज’ या शब्दाबद्दल थोडं. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणं पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात राहिलेल्या गाड्यांनाच तशी नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, पण अशी गाडी रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच बाहेर काढायची. तुम्हाला तर तात्यांना घेऊन जवळच्या येळ्ळूरसारख्या गावापर्यंत फिरून यायचं असणार. तुमच्यासाठी साधी नूतनीकरण केलेली आरसीच चांगली, त्यामुळं गाडीचं वय पन्नास आहे की अडतीस याचा विचार सोडून द्या.

अँबेसिडरला मी नको म्हणालो, ती गाडी वाईट आहे म्हणून नव्हे. २०१४ पर्यंत ती बनत होती, सुटे भाग मिळतात, मागं तिघं ऐसपैस बसतात. पण तात्यांचे हात फियाटचे आहेत. बावीस वर्षं ज्या माणसानं स्टिअरिंगजवळच्या त्या दांड्यानं गिअर टाकले, त्याला त्या १०८९ सीसीच्या इंजिनाचा आवाज ओळखू येतो. टॅपेट वाजतोय की टायमिंग चेन, पॉइंट जळालाय की कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय, हे त्यांना बोनेट न उघडता कळेल. घरात आज जे ज्ञान कुणी विचारत नाही, ते या एका गाडीसाठी घरातलं सगळ्यात मोठं ज्ञान ठरेल. अँबेसिडर आणलीत तर तेही तुमच्यासारखेच नवशिके होतील. अर्थात ते स्वतः निपाणीला जाऊन, बसून, फेरी मारून म्हणाले की ‘हीच घ्या’, तर माझं ऐकू नका.

सुटे भाग मिळतील का, ही धास्ती असेल. वालचंद हिराचंदांनी १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी कित्येक दशकं बनली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी हीच होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली ती २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये. इतकी वर्षं टॅक्सीला पुरवठा करणारा बाजार एका रात्रीत आटत नाही. ब्रेकचे किट, क्लच प्लेट, रबरी बिडिंग, दिवे मिळतात. जे मिळत नाही ते बहुतेक बुश, पिन, शाफ्ट असतं, आणि नमुना हातात दिला तर लेथवाला करून देतो. चकचकीत पट्ट्या, बॅज, मूळ मीटर असल्या गोष्टींना मात्र वेळ आणि पैसा दोन्ही लागतो. घेतानाच त्या गाडीवर असतील तर किमतीत चार पैसे जास्त द्या.

पैशाचं माझं गणित असं. खरेदीला जास्तीत जास्त १ लाख १० हजार. नाव लावणं, विमा आणि पहिली सुरक्षेची कामं मिळून ५० हजार. टिंकरिंग, रंग, सीट याला ६० हजार. उरलेल्या ३० हजारांना हात लावायचा नाही, ते न दिसलेल्या खर्चाचे. पुण्याच्या भावाचा वाटा सुरुवातीलाच एका वेगळ्या खात्यात घ्या. दर वेळी फोन करून पैसे मागायची पाळी आली की भावाभावांत गाडीचं नाव काढणं अवघड होतं. आणि पत्नींना गाडी बघायला बरोबर न्या. त्यांनी विचारलेला प्रश्न विचारायची बुद्धी तुमच्यापैकी कुणाला झाली नव्हती, त्या विक्रेत्यालाही बरोबर प्रश्न विचारतील.

गाडी ठरली की ती चालवत आणू नका, चालती असली तरी. निपाणी-संकेश्वरकडून येताना तवंदीचा आणि वंटमुरीचा असे दोन घाट आहेत, मागनं ऊस नाहीतर कंटेनर घेऊन ट्रक येत असतात. इंजिन तापतं की नाही आणि ब्रेक लागतो की नाही हे कळायची ती जागा नव्हे. कॅरिअरवर चढवून आणा.

घरी आली की पहिला हात ब्रेकला. मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर उघडून रबरं नवी, रबरी होज नवे, ऑइल नवं. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो, तेव्हा ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या पाइपनं उडवायची नाही. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, आणि त्या वेळी मुलं आसपास नकोत. टायर दिसायला नवे वाटले तरी बाजूवरचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. असे आकडेच नसतील किंवा सात-आठ वर्षांपूर्वीचे असतील तर नक्षी कितीही खोल असो, टायर बदला.

मग पेट्रोलची लाइन. हे जरा सविस्तर सांगतो, कारण तात्यांच्या काळी हा प्रश्न नव्हता. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. ते आपल्याच भागातल्या उसाचंही असेल, चिक्कोडी-निपाणीकडचे कारखाने ते काढतातच. पण १९८० च्या दशकातली रबरी नळी, पेट्रोल पंपातला पडदा आणि कार्बोरेटरची गास्केटं इथेनॉलसाठी केलेली नव्हती. ती फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर काय होतं ते सांगायला नको. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि टाकी पत्र्याची, म्हणजे उभ्या गाडीत आतून गंज. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, पंपाचा किट बदला, मध्ये पारदर्शक फिल्टर बसवा, आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी फार भरून ठेवू नका. वायरिंगचं वेष्टण उंदरांनी कुरतडलेलं असतंच. तिथं चिकटपट्टी नको, हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, नवं करून घ्या, आणि बॅटरीला कटऑफ स्विच बसवा.

तुमच्या शेडबद्दल एक गोष्ट मला खटकली. दोन माग अजून चालू आहेत. मागावर धाग्याचे बारीक तंतू उडतात, ते तुळयांवर आणि वायरींवर साठतात, आणि त्याच छताखाली तुम्ही पेट्रोलची गाडी उघडणार. मध्ये छतापर्यंत भिंत घाला, पत्र्याची नको, विटांची. वेल्डिंग शेडमध्ये करायचंच नाही, ते टिंकरकडं, टाकी उतरवून. आग विझवायचं पावडरचं सिलिंडर दाराजवळ. हे होईपर्यंत गाडी आणू नका, मग ती कितीही स्वस्त मिळो.

मुलगा सहावीत आहे म्हणजे त्याला सगळ्यात जास्त गाडीखाली शिरायचं असणार. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, तुम्हीसुद्धा. दोन बाजूंना स्टँड लावायचे, चाकांना लाकडी ओंडके लावायचे, मगच. त्याला प्लग साफ करणं, दारांचे आतले पॅनेल काढणं, क्रोमवरचा गंज उतरवणं, काचेची यंत्रणा ग्रीस लावून चालती करणं ही कामं द्या. जुना रंग घासायचा असेल तर कोरडा नाही, वॉटर पेपरनं ओला घासायचा, तोंडावर मास्क. जुन्या रंगात शिसं असू शकतं.

आता पत्नींच्या प्रश्नाला माझ्याकडून उत्तर. त्यांना हे वचन द्या: पहिली ब्रेक-टायर-वायरिंगची कामं झाल्यावर गाडी एका वेळी पंधरा दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार नाही. एका वेळी एकच काम उघडायचं. ते मिटवायचं, गाडी शेडबाहेर काढायची, येळ्ळूर रस्त्यानं राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत फेरी मारायची, आणि मगच दुसरं उघडायचं. गिअरचा दांडा सैल आहे? या पंधरवड्यात तेवढंच. सीट फाटली? पुढची आधी, मागची पुढच्या महिन्यात. असं केलं की गाडी अर्धवट असतानाही घरची असते, मुलं शाळेत सांगतात, शेजारी बसून येतात. रंग सगळ्यात शेवटी. तो दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत, आणि शक्यतो पहिल्या वर्षी नकोच. पावसाळी हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो. शिवाय एकदा रंग झाला की मुलांना गाडीला हात लावू देवत नाही.

तात्यांच्या लायसनची तारीखही बघून घ्या. या वयात ते पाच वर्षांसाठी मिळतं आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. संपलं असेल तर आत्ताच अर्ज करा, गाडी आल्यावर नको. त्यांना न सांगता हे केलंत तर त्यांना वाईट वाटेल, तेव्हा डोळे तपासायला नेतानाच कारण सांगा.

गाडी बघायला शक्यतो पावसाच्या दिवशी जा. कोरड्या दिवशी सगळ्याच गाड्या बऱ्या दिसतात. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातनं पाणी आत येतंय का, पायाखालचं मॅट उचलल्यावर पत्रा ओला आहे का, डिकीत स्टेपनीच्या खाली पाणी साठतंय का, हे पाऊसच दाखवतो. चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडेला, चाकांच्या कमानीला, दाराखालच्या पट्टीला फिरवा. जिथं धरत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. चारही दारं एकदा उघडून हलकी बंद करा. दार वर उचलून लावावं लागलं आणि बिजागरी घट्ट असेल, तर सांगाडा खाली बसलाय, तिथून निघा. इंजिन गार असतानाच सुरू करायला सांगा, तुम्ही पोचण्याआधी तापवून ठेवलेलं नको. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, ते परवडेल. पांढरा धूर थांबतच नसेल आणि ऑइलच्या टोपणाखाली दुधासारखा फेस असेल तर हेड गास्केट गेलंय किंवा हेडला चीर आहे, तेवढी किंमत कमी करायला सांगा. पहिली फेरी तुम्ही मारू नका. तात्यांना बसवा, तुम्ही मागं बसा, आणि मध्ये काही बोलू नका.

बरोबर न्यायच्या गोष्टी: चुंबक, टॉर्च, खाली झोपून बघायला एक जुनी सतरंजी, मुलीची वही, आणि नंबर ताडायला तात्यांचा जवळचा चष्मा.